कनातीची खिडकी

मालेगावच्या वेशीपासून थोड्याच अंतरावर चंदनपुरी हे गाव आहे. खंडोबाच्या भक्तांना त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. परंतु आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण किनारपट्टीवरचे आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द लिहितो. जेजुरीचा खंडोबा बाणू नावाच्या धनगरकन्येवर भाळला, म्हाळसेला मागे ठेवून वेष पालटून चंदनपुरीस आला आणि तिच्या वाड्यावर चाकर म्हणून राहिला, अशी लोककथा आहे. देवाने मेंढ्या वळल्या, वाडा झाडला, आणि ही चाकरी पुरी झाल्यावरच बाणू त्याची झाली. वाघ्या-मुरळी रात्रभराच्या जागरणात ही कथा गातात. देवानेसुद्धा आधी राबावे आणि मग मिळवावे, ही कल्पना कष्टकरी समाजाला का भावली असेल हे सांगायला पंडिताची गरज नाही.

पौष पौर्णिमेस चंदनपुरीची जत्रा सुरू होते आणि पुढे कित्येक दिवस चालते. नाशिक, धुळे, जळगाव या भागांतून माणसे येतात. भंडाऱ्याने वाटा पिवळ्या होतात. देवाच्या दर्शनाला मूल्य नाही. परंतु देवळाभोवती जे पसरलेले असते त्याला प्रत्येकी भाव आहे. भंडारा, खोबऱ्याच्या वाट्या, देव्हाऱ्यात ठेवायचे धातूचे टाक, तसबिरी, आरत्यांची चोपडी, मुलांसाठी पिपाण्या, बायकांसाठी बांगड्या, गोडीशेव आणि रेवड्या. त्यापलीकडे पाळणे. आणि पाळण्यांच्याही पलीकडे, गावापासून जरा दूर, तमाशाची कनात.

या लेखात आम्ही त्या कनातीच्या दाराशीच थांबणार आहोत. आत काय चालते याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यांतले काही उत्तम आहे आणि काही नुसतेच चविष्ट. दाराशी जी लहानशी खिडकी असते, जिच्यातून पैसे आत जातात आणि कागदाचा चिटोरा बाहेर येतो, तिचा इतिहास मात्र कोणी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. खिडकीत बसलेला माणूस कोण, आणि रंगमंचावर उभ्या असलेल्या माणसाशी त्याचे नाते काय, हा आमचा प्रश्न आहे.

तिकीट ही आपल्याकडे जुनी गोष्ट नव्हे. कीर्तनकाराला बिदागी मिळे, शाहिराला शेला मिळे, कलावंतिणीला दौलतजादा मिळे. पण ऐकणारा माणूस दाराशी पैसे मोजून आत येत नसे. पैसे देणारा एक आणि पाहणारे शंभर, अशी ती व्यवस्था होती. सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवरा’चा खेळ केला, तोही याच व्यवस्थेत. मराठी रंगभूमीचा प्रारंभ आपण त्या दिवसापासून मोजतो. तिकिटाचा प्रारंभ मात्र दहा वर्षांनंतरचा, आणि तो दुःखातून झालेला आहे. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले, दरबाराचा हात आखडला, आणि भावे यांना आपली मंडळी घेऊन गावोगाव फिरण्याची पाळी आली. १८५३ मध्ये ते मुंबईस पोहोचले. ग्रँट रोडवर १८४६ मध्ये उभे राहिलेले नाट्यगृह होते, तेथे साहेबलोकांचे खेळ होत. त्या नाट्यगृहात भावे यांनी तिकीट लावून मराठी खेळ केला.

आश्रयदाता मरतो, तेव्हा कलावंताला अनोळखी माणसाकडे जावे लागते. अनोळखी माणूस ना शेला देतो ना जहागीर. तो ठरलेली नाणी देतो आणि ठरलेल्या वेळी खेळ पाहू इच्छितो. या व्यवहारात एक प्रकारचा कोरडेपणा आहे, हे खरे. परंतु त्यात एक प्रतिष्ठाही आहे, आणि ती आमच्या मते अधिक मोलाची आहे. संस्थानिकाची मर्जी फिरली तर नट उपाशी. तिकीट घेतलेल्या माणसाची मर्जी फिरली तरी तो फार तर पुन्हा येणार नाही. आजच्या खेळाची मजुरी नटाच्या पदरात पडलेली असते. शिवाय खिडकी नाणे पाहते, माणूस पाहत नाही. सोवळे-ओवळे नाट्यगृहाच्या पायरीशी पूर्णपणे गळून पडले असे म्हणवत नाही. दरांच्या पायऱ्यांनी त्याची थोडी जागा घेतली. तरीही गिरणीतला कामगार पिटात बसून जो खेळ पाहतो तोच शेटजी पुढच्या खुर्चीवरून पाहतो, हे त्या काळात लहानसहान नव्हते.

नाटक मंडळ्यांनी हा करार किती गांभीर्याने घेतला याची एक गोष्ट मराठी माणसाला पाठ आहे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत किर्लोस्कर मंडळीच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची कन्या वारली. बालगंधर्व रंगमंचावर उभे राहिले. जमलेल्या रसिकांना परत पाठवणे त्यांना मान्य झाले नाही. पुढे ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग केला, त्याची तिकिटे शंभर रुपयांपर्यंत होती आणि ती गेली. मदतीच्या प्रयोगांची जी परंपरा आपण आपल्या धर्मग्रामांतही पाहत आलो, म्हणजे शाळेच्या इमारतीसाठी किंवा घंटाघरासाठी केलेले नाटक, आणि त्यासाठी घरोघर खपवलेल्या ‘देणगी प्रवेशिका’, तिचे मूळ याच काळात शोधावे लागेल. प्रवेशिका हा शब्द अर्थात धूर्त आहे. १९२३ मध्ये मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा झाला. तेव्हापासून ‘तिकीट’ म्हटले की सरकारी अधिकारी हिशोब मागू लागला, आणि पुष्कळ संस्थांच्या तिकिटांची देणगी झाली. तो करकायदा वस्तू व सेवा कर येईपर्यंत, म्हणजे जुलै २०१७ पर्यंत, चालला.

नाटकगृहाच्या दाराशी आणखी एक वस्तू विकली जाई, ती म्हणजे पदांचे पुस्तक. संगीत नाटकाची पदे स्वस्त चोपडीत छापलेली असत. प्रेक्षक ती मांडीवर उघडून गायनाबरोबर ओळी पाहत आणि नंतर घरी नेत. ज्या गावात मंडळी कधी गेलीच नाही तेथे ही चोपडी गेली. नाटक संपल्यावर हाती काही उरत नाही. ते काहीतरी उरावे ही माणसाची भूक आहे, आणि विक्रेत्याला ती फार पूर्वीपासून कळलेली आहे. या संदर्भात एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. छापखान्याचा जनक म्हणून ज्याला आपण ओळखतो तो योहान गुटेनबर्ग, बायबल छापण्यापूर्वी, जर्मनीतील आखेनच्या यात्रेसाठी धातूचे छोटे आरसे बनवण्याच्या धंद्यात होता. सात वर्षांनी एकदा तेथील पवित्र अवशेष लोकांना दाखवले जात. गर्दीत जवळ जाता येत नसे, म्हणून यात्रेकरू आरसा उंच धरीत आणि अवशेषांचे तेज त्यात साठवून घरी नेता येते असे मानीत. १४३९ च्या यात्रेचा अंदाज बांधून गुटेनबर्ग आणि त्याच्या भागीदारांनी पैसा गुंतवला. प्लेगच्या साथीमुळे यात्रा पुढच्या वर्षावर गेली, आणि भागीदारांचे भांडण स्ट्रासबर्गच्या न्यायालयात पोहोचले. या भांडणाची कागदपत्रे नसती तर आपल्याला ही हकीकत कळलीही नसती. चंदनपुरीत टाक आणि तसबिरी मांडून बसलेल्या विक्रेत्याला हा माणूस मुळीच परका वाटणार नाही. जत्रा भरली नाही तर माल अंगावर पडतो, हे तो जाणतो.

आता तमाशाकडे वळू. नाटकाला तिकिटाने जी प्रतिष्ठा दिली ती तमाशाला तितक्या सहजपणे मिळाली नाही. कारण तमाशात खिडकीखेरीज दुसरी एक वाट होती. पाहणारा रंगमंचापाशी जाऊन नाचणारणीच्या हाती पैसे देई, आपल्या नावाचा पुकारा करवून घेई, आणि तेवढ्या पैशांत काहीतरी विकत घेतल्याचा भाव मिरवी. हाच दौलतजादा. तिकीट खेळाचे मूल्य असते. दौलतजादा बाईचे मूल्य ठरवू पाहतो. मुंबईच्या थिएटरांत तिकिटावर तमाशा चालू लागला तरी ही दुसरी वाट बंद झाली नाही. पठ्ठे बापूराव हे जन्माने ब्राह्मण, आणि त्यांच्या फडातील पवळा ही महार समाजातील. दोघांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबई गाजवली. बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले, असा वृत्तांत तमाशाच्या अभ्यासकांनी नोंदवला आहे. आपल्याच समाजातील स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा चळवळीला नको, ही त्यामागील भूमिका. या नकाराने पवळेच्या कलेचा अपमान झाला काय? आमच्या मते झाला नाही. बाबासाहेबांनी बोट ठेवले ते खिडकीवर. पैसा कोणत्या वाटेने आला, असा त्यांचा प्रश्न होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि सुधारणेच्या अटींवर ती पुढे उठवली, तेव्हा सुधारकांचा रोख पुन्हा अश्लील संवाद आणि दौलतजादा यांवरच होता.

दौलतजादा मागे हटला तसे मोठे फड कनातीवर, म्हणजे तिकिटावर, उभे राहिले. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि वैशाखापर्यंत फिरतो. मोठ्या फडात शंभराहून अधिक माणसे असतात: ढोलकीवाले, सोंगाडे, नाचणाऱ्या, वगातले नट, आणि त्यांच्याइतकेच तंबू ठोकणारे, स्वयंपाकी, चालक, विजेची यंत्रे सांभाळणारे. ट्रकांचा ताफा स्वतःचा. चैत्रातल्या गावजत्रांत पंचमंडळी सुपारी देऊन खेळ ठरवतात आणि गावाला तो फुकट दिसतो. या सुपाऱ्यांसाठी पुणे जिल्ह्यातील नारायणगावी पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तेथे येऊन सौदे करतात. खानदेश आणि नाशिककडच्या जत्रांत मात्र कनात लावून तिकिटावर खेळ करण्याची रीत आहे. सुपारीत धोका गावाचा. तिकिटात धोका फडाचा. पाऊस पडला, शेजारी दुसरा फड उतरला, कापसाला भाव मिळाला नाही, तर गल्ला रिकामा.

आणि या धोक्यासाठीच खिडकीत तिसरा माणूस येऊन बसतो. हंगामापूर्वी कलावंतांना उचल द्यावी लागते. उचल दिली नाही तर ते दुसऱ्या फडात जातात. फडमालक ही रक्कम सावकाराकडून व्याजाने आणतो. सावकाराची वसुली रोजच्या गल्ल्यातून. कित्येक ठिकाणी कंत्राटदार ठरावीक रकमेला खेळ विकत घेतो आणि तिकिटे स्वतः विकतो. गर्दी झाली तर नफा त्याचा. म्हणजे प्रेक्षक ज्याच्या हाती पैसे देतो तो फडाचा माणूस असेलच असे नाही. त्याला वाटते आपण ढोलकीला पैसे दिले. प्रत्यक्षात त्याने व्याजाला दिले. त्यातही सारेच पैसे देत नाहीत. गावातले वजनदार लोक, त्यांचे पाहुणे, पाहुण्यांचे मित्र, शिवाय गणवेशातील मंडळी, हे सर्व फुकट बसणारे आणि तेही पुढच्या रांगेत. रात्र चढली की कनातीच्या मागच्या बाजूने कापड उचलून शिरणारे वेगळे. फडमालक त्यांच्याशी भांडत नाही, कारण पुढच्या वर्षी याच गावी त्याला यायचे असते. तिकीट घेऊन मागे बसलेला शेतमजूर हे सर्व पाहतो. त्याच्या आठ-दहा तासांच्या मजुरीतला हिस्सा त्या चिटोऱ्यात गेलेला असतो.

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट येथे टाळता येत नाही. १९३५ साली जन्मलेल्या या कलावतीला राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. ऐन खेळाच्या रात्री तिला प्रसूतिवेदना सुरू झाल्या; रंगमंचामागे ती बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली, आणि थोड्या वेळाने पुन्हा उभी राहण्यास निघाली, असे तिच्या आयुष्याविषयी सांगितले जाते. कथेचा दुसरा भाग कमी सांगितला जातो, म्हणून आम्ही तो आवर्जून लिहितो. प्रेक्षकांच्या ध्यानात आले की मघाशी अवघडलेली बाई आता तशी नाही. काय झाले ते कळताच त्यांनीच खेळ थांबवायला लावला. पैसे मोजून आलेल्या लोकांनी करारातून तिला मोकळे केले. बालगंधर्व आणि विठाबाई यांना एकाच बांधीलकीने उभे केले होते. एकाला त्यासाठी महाराष्ट्राने देव्हाऱ्यात बसवले. दुसरी जानेवारी २००२ मध्ये हालअपेष्टांत गेली, आणि आता शासन तिच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते.

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशभरची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. नारायणगावच्या राहुट्यांतला तो सौद्यांचा दिवस. त्या वर्षी सौदे झाले नाहीत. पुढचा हंगामही गेला. त्याच साली बव्हेरियातील ओबरआमरगाऊ या गावचे ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे नाट्यही रद्द झाले. प्लेगच्या वेळी १६३३ मध्ये केलेल्या नवसानुसार ते गाव साधारण दहा वर्षांनी एकदा हा खेळ करते. त्यांनी प्रयोग २०२२ वर ढकलला, आणि दोन वर्षांनी जगभरचे यात्रेकरू पुन्हा तेथे गेले. ज्यांच्यापाशी आगाऊ विक्री असते, गाव असते, नगरपालिका असते, त्यांना खेळ पुढे ढकलता येतो. फडाची उचल मात्र वाटून झालेली होती, आणि व्याज पुढे ढकलले जात नाही. ट्रक विकले गेले. ढोलकीवाले मजुरीस गेले. जे फड उरले ते पुन्हा उभे राहिले खरे, पण पूर्वीपेक्षा अधिक कर्ज घेऊन.

हे झाले मालेगावच्या वेशीबाहेरचे. गावात शिरले की दुसरेच दृश्य दिसते. नारोशंकरांच्या भुईकोट किल्ल्याभोवती वाढलेले हे शहर, मोसम नदीने दुभागलेले. अठराशे सत्तावन्नच्या धामधुमीनंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांनी येथे माग बसवले. आता यंत्रमागांचा खडखडाट अहोरात्र चालतो आणि शुक्रवारी थांबतो. शुक्रवार म्हणजे सुटी, नमाज, आणि सिनेमा. सिनेमावर हे शहर किती जीव टाकते हे महाराष्ट्राला नोव्हेंबर २०२३ मध्ये वेगळ्याच रीतीने समजले, जेव्हा ‘टायगर ३’ चालू असताना प्रेक्षकांनी येथील चित्रपटगृहाच्या आतच फटाके उडवले. तो निव्वळ अविचार होता, कोणाचाही जीव जाऊ शकला असता. पण पडद्यावरच्या सावलीला हजर माणसासारखी दाद देणारा हा प्रेक्षक मुळात जत्रेतला प्रेक्षक आहे, हे विसरून चालणार नाही.

अशा शहरात नासिर शेख नावाचा तरुण व्हिडिओगृह चालवीत होता. तिकीट थोडे, खोली लहान, पडद्याऐवजी दूरदर्शन संच किंवा प्रक्षेपक. चोरट्या प्रतींवरून पोलिसांचा ससेमिरा लागला, तेव्हा त्याने ठरवले की दाखवायचा सिनेमा आपणच बनवावा. लग्नाच्या चित्रीकरणाचा कॅमेरा, शेजारीपाजारी नट, आणि सुमारे पन्नास हजार रुपये. एवढ्यावर २००० साली ‘मालेगाव के शोले’ तयार झाला. मालेगावकरांनी तिकीट काढून तो पाहिला. मुंबईचा नट त्यात नव्हता. त्यांचाच गल्लीतला माणूस होता. आमच्या वाचनात आलेल्या तिकिटाच्या साऱ्या इतिहासात ही गोष्ट आम्हांस निराळी वाटते, कारण येथे खिडकीत बसलेला माणूसच खेळाचा कर्ता झाला. सावकार मध्ये आला नाही. भावे मुंबईत ज्या स्थितीत उभे होते, तेथे हा तरुण दीडशे वर्षांनी व्हिडिओगृहाच्या दारातून पोहोचला.

अर्थात ही खिडकी फार दिवस टिकली नाही. तबकड्या आल्या, मग मोबाईल आला, व्हिडिओगृहांना कोणी विचारीना. फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट देशभर लागला. त्याची तिकिटे संगणकावर काढली गेली. त्याच्या आदल्याच महिन्यात नवी मुंबईच्या क्रीडागारात कोल्डप्ले या इंग्लिश वाद्यवृंदाचे कार्यक्रम झाले. त्यांची तिकिटे आदल्या सप्टेंबरात विक्रीला येताच संपली आणि काळ्या बाजारात अनेक पटींनी विकली जाऊ लागली, इतकी की पोलिसांना चौकशी करावी लागली. तेथे खिडकीत कोणीही बसलेले नव्हते.

मालेगावच्या सुपरमॅनचे काम करणारा शफीक शेख हा यंत्रमागावर राबणारा कामगार होता. कर्करोगाने तो तरुणपणीच वारला. फैजा खान यांचा माहितीपट जून २०१२ मध्ये तिकिटावर चित्रपटगृहांत लागला, तेव्हा तो हयात नव्हता.